अनोळखी आवाज क्रमांक एक

विजयमाला हावळच्या कपाळावरची पट्टी इंग्रजीत वाजली, अर्थशास्त्रात वाजली, संख्याशास्त्रात तर लग्नातल्या बँडसारखी वाजत सुटली. कापडाच्या दोषांवर मात्र ती तोंड शिवून बसली.

आणि झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल असा विजयमालाचा विषय तेवढा एकच होता. इचलकरंजीतल्या एका यंत्रमागाच्या शेडात सत्तावीस वर्षं ती कापड तपासत होती. खालून उजेड सोडलेल्या काचेच्या टेबलावरून तागा पुढं सरकायचा. डावा हात कापडाखाली, उजवा वर. आख्खा तालुका पांघरेल एवढं कापड त्या दोन हातांमधून गेलं असेल. तुटलेली तार, एकाच्या जागी दोन गेलेले आडवे धागे, तेलाचा डाग, विरळ पडलेली जाळी, सगळं डोळ्याला दिसायच्या आधी तिच्या बोटाला लागायचं. तागा नीट असला की कोपऱ्यावर ती निळ्या पेन्सिलीनं 'वि' काढायची. तो 'वि' दिसला की व्यापारी तागा उलगडून बघत नसत.

शेडचे मालक मगदूम तसे वाईट नव्हते. त्यांनी बिचकत बिचकतच सांगितलं होतं, "विजयमाला, पाडव्यापासनं टेबल काढायचं म्हणतोय. मागावरच कॅमेरे बसणार. दोष पडला की माग आपोआप थांबणार."

"मग मी?"

"कॅमेऱ्याला सही करता येत नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाला ताग्यावर माणसाची सही लागते. पण माणूस पदविकावाला पाहिजे. गुणवत्ता पर्यवेक्षक म्हणतात. जागा एकच हाय. पाडव्याच्या आत पदविका आण, खुर्ची तुझी."

"सत्तावीस वर्षं माझा 'वि' चालला की ओ."

"मला अजून चालतो," मगदूम जमिनीकडं बघत म्हणाले. "त्यांना चालत नाही."

म्हणून एकावन्नाव्या वर्षी विजयमाला सहविद्या मुक्त विद्यापीठाची विद्यार्थिनी झाली. त्यात नवल काही नव्हतं. गावातली निम्मी चाळिशी-पन्नाशी तेव्हा काही ना काही शिकतच होती. कंडक्टर शिकत होते, नर्स शिकत होत्या, निवृत्त फौजदार मधमाश्यांची पदवी घेत होते. शिकायचं वय गेलं असं आता कुणी म्हणत नसे. न शिकायचं वय कधी येणार, एवढंच लोक एकमेकांना विचारत.

परीक्षा बंद होऊन सातेक वर्षं झाली होती. यंत्रं इतकी झकास उत्तरं लिहायला लागली की उत्तर कुणाचं आणि डोकं कुणाचं, हेच कळेना. तेव्हा विद्यापीठांनी उत्तरं तपासायचं सोडलं आणि थेट डोकी तपासायला घेतली. त्यासाठी ही पट्टी आली. लोक तिला 'उमज' म्हणत. बोटभर रुंद, कपाळावर बांधायची, तापातल्या ओल्या घडीसारखी.

तिच्यामागचं शास्त्र विजयमालाला पहिल्याच धड्यात कळलं होतं, आणि ते कळताना पट्टी वाजलीही होती. माणसाचा मेंदू सारखा अंदाज बांधत असतो. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून आपण पाऊल टाकतो आणि पायरी नसते, तेव्हा बसतो तो हिसका म्हणजे चुकलेला अंदाज. हिसका बसला की सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात कपाळामागं एक बारीक विजेची लहर उठते. मेंदू तो अंदाज दुरुस्त करतो, घडी पुन्हा नीट बसते, आणि लहर विशिष्ट तऱ्हेनं शमते. हिसका आणि मग घडी, हे दोन्ही लागोपाठ दिसलं की पट्टी म्हणणार, हिला काहीतरी नवं कळलं. टिंग. त्या क्षणी कानावर काय पडत होतं, डोळ्यांसमोर काय होतं, तेही पट्टी टिपून ठेवायची. उमज धड्यातली की टीव्हीवरच्या मालिकेतली, याची शहानिशा नको का? एका विषयात अशा चाळीस उमजा भरल्या की विषय सुटला.

लबाडीला जागा नव्हती. कळल्याचं सोंग चेहऱ्याला आणता येतं, कपाळामागच्या लहरीला नाही.

यंत्र बनवणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता. ज्याला आधीच कळलेलं आहे अशा माणसाचा तेवढा राहून गेला.

*

विजयमालासोबत तिची सून केतकीही शिकत होती. ती हौसेनं आली नव्हती. बायका अभ्यास अर्ध्यावर सोडतात म्हणून विद्यापीठ जोडीनंच प्रवेश द्यायचं. घरात जोडीला दुसरं होतं कोण? मुलगा सागर पुण्यात नोकरीला. नवरा दत्तात्रय तीस वर्षं मागांवर जॉबर होता, माग लावणारा आणि दुरुस्त करणारा. मागांच्या खडखडाटात त्याचे कान गेले होते आणि आता तो फक्त स्वतःचा आवाज ऐकत असे. केतकी विजयमालाच्याच शेडात घडीखात्यात, तपासलेल्या कापडाच्या घड्या घालायला. "आई, मी येते की सोबत," एवढंच ती म्हणाली होती.

चारला पहिली पाळी सुटायची. पाचला दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या. विजयमाला बोट जिभेला लावून ओलं करायची आणि मग पडद्यावर टेकायची. कापडानं तिची बोटं इतकी कोरडी, गुळगुळीत केली होती की पडद्याला ती बोटं वाटतच नसत.

कापडदोषाचा विषय आला तेव्हा विजयमालानं कपाटामागून एक गाठोडं काढलं. सत्तावीस वर्षांत जमवलेल्या सदोष चिंध्या होत्या त्यात.

"पडदा राहू दे," ती म्हणाली. "चित्रात कुठं दोष दिसतो होय? डोळं मीट. हात आण इकडं."

केतकीनं डोळे मिटले. विजयमालानं तिचं बोट एका तुकड्यावरून ओढलं.

"काय लागलं?"

"काहीच नाही, आई."

"दाबू नकोस. मांजराच्या पाठीवरनं फिरवल्यागत फिरव. आता?"

"बारीक... वरंबा आहे?"

"दोन धागं एकदम गेलेत. आता उलट्या अंगानं ये. वरंबा लागला?"

"नाही! उलट्या बाजूनं लागतच नाही."

"म्हणून दोन्ही हात. एक वर, एक खाली."

टिंग, केतकीची पट्टी वाजली.

आठवडाभर ती वाजतच राहिली. जाळी बोटाला थंड लागते कारण तिथनं वारा जातो, टिंग. तेलाचा डाग दिसायच्या आधी वासाला येतो, टिंग. केतकीच्या अकरा झाल्या, एकोणीस झाल्या. विजयमालाच्या कपाळावर चिडीचूप.

"आज किती वाजल्या?" दत्तात्रय ओसरीवरून रोज ओरडून विचारायचा.

"हिच्या सात," विजयमाला ओरडून सांगायची.

"आणि तुझ्या?"

"ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"न्हाई!"

"मला पण न्हाई!"

केतकी हसायची. मग एके दिवशी विजयमालाच्या लक्षात आलं की पोरगी हसत नाहीये आणि पट्टीही वाजत नाहीये. पडद्यावर आकडा मात्र वाढतोय. केतकीनं पट्टीचा आवाज बंद करून ठेवला होता.

"वाजू दे गं," विजयमाला म्हणाली.

"आई, मला ती जागा नको. मी नुसती सोबत आले होते."

"माहीत हाय मला. वाजू दे. घरात काहीतरी वाजलं पाहिजे."

*

विद्यापीठाच्या मदतखिडकीवर सारथी नावाचा आवाज होता. गोड, थंड, कधी न दमणारा. विजयमाला त्याच्याशी बोलताना उगाचच पदर सारखा करायची.

"माझी पट्टी बिघडली का बघा की."

"आपली पट्टी उत्तम आहे, विजयमालाताई. आपल्याला हा विषय पूर्ण अवगत असल्याचं दिसतं. अभिनंदन."

"मग द्या की पास करून."

"पूर्वज्ञानाला श्रेयांक नाहीत. श्रेयांक शिकण्याला आहेत."

"सत्तावीस वर्षं शिकलेच की मी."

"त्या काळात आपण पट्टी लावली नव्हती," सारथी अतिशय प्रेमानं म्हणाला.

अशी विजयमाला काही एकटी नव्हती. तीस वर्षं बाळंतपणं केलेल्या दाया प्रसूतिशास्त्रात अडकल्या होत्या. शेजारच्या गल्लीतला आचारी पाकशास्त्रात दोनदा नापास झाला होता. आणि जिथं लोक अडकतात तिथं क्लास निघतोच. चौगुले सरांनी बँकेच्या वरच्या मजल्यावर विसर-वर्ग काढला होता. विद्यापीठाची रीतसर मान्यता, भिंतीवर चौकटीत लावलेली.

"हिसका बसायचा तर अंदाज चुकला पाहिजे," चौगुले सर खडू हवेत नाचवत सांगत. "तुमचा चुकत नाही, हेच तुमचं दुखणं. म्हणून आधी चूक शिकायची. तीन आठवडे खोटं घोकायचं, मनापासनं. चौथ्या आठवड्यात खरा धडा उघडायचा. टिंग टिंग टिंग! मागच्या खेपेला एका डॉक्टरीणबाईंच्या बावन्न वाजल्या."

"आणि मग त्या खोट्याचं काय होतं, सर?" विजयमालानं विचारलं.

"कुठल्या?"

"घोकलेल्या."

"ते निघून जातं आपोआप," सर म्हणाले आणि फळा पुसायला वळले.

विजयमाला घोकू लागली. सरांनी तिच्यासाठी खास चित्रफीत बनवली होती. त्यात जाळीला डाग म्हणत होते, डागाला तुटलेली तार, आणि सपाट, निर्दोष कापडाला जाळी. भाजी निवडताना, बसथांब्यावर, ती ते पुटपुटायची. पहिला आठवडा हसू यायचं. दुसऱ्या आठवड्यात येईनासं झालं. तिसऱ्या आठवड्यात टेबलावरून तागा सरकत असताना तिचे हात थबकायला लागले. एवढ्या वर्षांत हातांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं. आता ते विचारत होते, बाई, हे काय म्हणायचं?

त्या आठवड्यात एका दुपारी केतकी घडीखात्यातून तिच्या टेबलाशी आली. ओढणीखाली काहीतरी धरलं होतं. मगदूम पलीकडच्या मागाशी आहेत हे बघून तिनं ते टेबलावर ठेवलं. दवाखान्याच्या पट्ट्यांसाठी जाणारं कापड होतं. मधोमध तीन बोटं रुंद जाळी. कोपऱ्यावर निळ्या पेन्सिलीचा 'वि'.

"घडी घालताना गार लागलं, आई," केतकी खालच्या आवाजात म्हणाली. "मी कुणाला दाखवलं नाही."

विजयमालानं कापड हातात घेतलं. खालून डावा, वरून उजवा. डोळ्यांना जाळी दिसत होती. बोटं मात्र गप्प होती. दोन क्षण, फार तर तीन. मग एकदम त्यांना आठवलं, आणि गार वारा लागला. पण ते दोन-तीन क्षण विजयमालाला शेडातला सगळा खडखडाट बंद झाल्यासारखा वाटला.

तिनं निळी पेन्सिल जिभेला लावली आणि त्या 'वि'वर फुली मारली. स्वतःच्या अक्षरावर मारलेली ती पहिली फुली.

घरी आल्यावर तिनं सरांची चित्रफीत पुसून टाकली. पदविकेसाठी हात द्यायचे, आणि मग त्या पदविकेनं हातांचंच काम करायचं, हे गणित संख्याशास्त्रात एवढी वाजलेल्या बाईला जुळेना. ती दमली होती. दळण आणलं, भाकरी केल्या, दत्तात्रयाच्या कानात थेंब घातले. नंतर गाठोडं सोडून ती एकेक चिंधी बोटांखालून घालत बसली. घरचं कुणी मोठ्या आजारातून उठल्यावर आपण नावं विचारून बघतो ना, मला ओळखलंस का, तशी. सगळी नावं परत आली. एक-दोन जरा उशिरा आली.

*

विद्यापीठाची मुदत पाडव्याच्या चार दिवस आधी संध्याकाळी सहाला संपत होती. खातं बंद करतानाही दोघींना पट्टी बांधून बसावं लागणार होतं. ओळख पटायला.

विजयमालाचं खातं दोन मिनिटांत बंद झालं. कापडदोष, शून्य. सारथीनं तिला पुढच्या सत्रासाठी शुभेच्छा दिल्या.

केतकीच्या कापडदोषात सेहेचाळीस भरल्या होत्या. बाकीचे विषय तर कधीच सुटले होते. आता फक्त होय म्हणायचं होतं. तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उघडली आणि सारथी वाचू लागला.

"आपल्या सेहेचाळीस उमजांपैकी एकेचाळीस उमजांच्या वेळी विद्यापीठाबाहेरचा एक आवाज ऐकू येत होता. अनोळखी आवाज क्रमांक एक. कृपया त्याची ओळख द्या."

आणि मग त्यानं तो आवाज ऐकवला. 'दाबू नकोस. मांजराच्या पाठीवरनं फिरवल्यागत फिरव.'

विजयमाला दचकली. आपला आवाज एवढा दमलेला आहे हे तिला माहीत नव्हतं.

खाली तीन पर्याय होते. पहिला, मान्यताप्राप्त अध्यापक, नोंदणी क्रमांक लिहा. दुसरा, मान्यता नसलेला अध्यापक, अशा उमजा बेकायदा शिकवणी समजून रद्द होतील. तिसरा, घरगुती गोंगाट, अध्ययनाशी संबंध नाही.

भिंतीवरच्या घड्याळात सहाला सात मिनिटं कमी होती.

"मी दुसरा दाबणार," केतकी म्हणाली.

"आणि मग?"

"मग पाच उरतील. जाईल पदविका. जाऊ दे. खरं ते खरं."

"आणि खुर्चीवर कोण बसणार? खरं?" विजयमाला म्हणाली. "मगदूम बाहेरनं पोरगं आणतील एखादं. कापड फक्त अंगावर बघितलेलं. कॅमेरा म्हणेल त्याच्या खाली सही ठोकेल. जाळीचं कापड दवाखान्यात जाईल, आणि गार लागलं म्हणून सांगायला कुणी नसेल तिथं."

"आई, मी तुमच्या आवाजाला गोंगाट म्हणू?"

"तुझे सासरे तीस वर्षं म्हणतायत."

"चेष्टा करू नका हो!" केतकीचा आवाज फुटला. "तुम्ही टेबलावरनं उतरणार, मी खुर्चीत बसणार, आणि वर हे लिहून देणार? मला नाही जमत."

"मी उतरणारच हाय गं. तू बसलीस तरी आणि नाही बसलीस तरी." विजयमालानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, लगेच काढून घेतला. असलं काही करायची तिला सवय नव्हती. "माझा 'वि' जातोय तर जाऊ दे. माझी बोटं कुणाच्या तरी हातात राहू देत की."

केतकी पडद्याकडं बघत बसली. घड्याळात तीन मिनिटं उरली. ती हात उचलेना.

विजयमालानं मग स्वतःच बोट पुढं केलं आणि तिसऱ्या पर्यायावर टेकवलं. काही झालं नाही. तिनं पुन्हा दाबलं. पडद्याला ते बोट वाटलंच नाही. तिनं केतकीकडं पाहिलं, बोट जिभेला लावून ओलं केलं, निळी पेन्सिल ओली करायची तसंच, आणि घरगुती गोंगाट या अक्षरांवर शांतपणे टेकवलं.

हिरवी खूण उमटली. "धन्यवाद," सारथी म्हणाला. "केतकी सागर हावळ, आपली पदविका पूर्ण झाली आहे."

विजयमालाच्या कपाळावरची पट्टी काही वाजली नाही. तिच्यासाठी यात नवं असं काहीच नव्हतं.

केतकीची मात्र वाजली. एकदाच, स्पष्ट. टिंग. स्वयंपाकघरातल्या भांड्यांनाही ऐकू जावी अशी.

"नवी उमज नोंदली गेली," सारथी म्हणाला. "विषयाशी जुळत नसल्यामुळे ती गणतीत धरता येणार नाही."

"काय कळलं गं?" विजयमालानं विचारलं.

केतकी सासूच्या ओल्या बोटाकडं बघत होती. विजयमालानं आधी तिच्या कपाळावरची पट्टी सोडली, मग स्वतःची. दोघींच्या कपाळांवर सारखेच वळ उठले होते. मग तिनं गाठोडं पुढं ओढलं आणि अगदी तळातला एक तुकडा काढला.

"चहा नंतर टाक. हे धर आधी. तुटलेली तार तुला अजून सापडत नाही. डोळं मीट."

केतकीनं ओले डोळे मिटले आणि हात पुढं केला, एक वर, एक खाली.

"आज किती वाजल्या?" दत्तात्रय ओसरीवरून ओरडला.

"एक!" विजयमाला ओरडली. "पण ती धरत नाहीत!"